अनुभव धागा: सोलापुरात शिकताना जेवणाला महिन्याला किती लागतात? मेस, डबा की रूमवर स्वयंपाक?

भाचीला सोलापुरात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. गाव लातूरकडे, म्हणजे रोजची ये-जा शक्य नाही. राहायचं ठरलं, आता ताई विचारतेय की जेवणाचे महिन्याला किती धरू? मेसचा दर बोर्डावर लिहिलेलाच असतो. तुमच्या खिशातून खरे किती गेले आणि कशावर गेले, ते सांगा. जुने अनुभवही चालतील, काळ तेवढा लिहा.

मोहोळकर
अशोक चौकाजवळच्या मेसला दोन वेळचे तीन हजार देतो. साठ जेवणं धरली तर पन्नास रुपये ताट. पण रविवारी दुपारी फिस्ट (खास जेवण) झाली की संध्याकाळी मेस बंद, म्हणजे छप्पनच. त्यात मी शनिवारी दुपारी जेवून गावाला जातो, सोमवारी सकाळी परत. शनिवारची रात्र आणि फिस्ट, दोन्ही बुडतात. उरली अठ्ठेचाळीस. ताट पडलं साडेबासष्टला. खाडा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करणं) धरतात, पण सलग चार दिवस नसाल तरच, आणि शनिवार-रविवार मिळून चार दिवस कुठून होणार बे! माझ्या मेसमध्ये एका जेवणाचं कूपन पासष्टला आहे. महिन्यात शेहेचाळीसच्या आत जेवणं होत असतील तर कूपन परवडतं, त्याच्या वर मंथली. सबमिशनच्या महिन्यात दुपारचं जेवण कँटीनलाच होतं, तेव्हा मी कूपन घेतो. भाची लातूरला दर आठवड्याला जाणार नसेल तर तिला मंथलीच बरी. मात्र मेस लावायच्या आधी तीन गोष्टी विचारा: खाडा किती दिवसांनंतर, निरोप कधीपर्यंत द्यायचा, आणि दिवाळीच्या सुट्टीचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात का.

मेसवालीचा मुलगा
खाड्यावरून आमच्या आईला रोज ऐकावं लागतं, म्हणून लिहितोय. कणीक पहाटे मळली जाते आणि भाजी आदल्या संध्याकाळी मंडईतून येते. पोरगं दुपारी एकला फोन करून "मावशी, आज नाही" म्हणतं, तेव्हा त्याचं ताट शिजलेलं असतं. रात्री निरोप आला तर आई एका दिवसाचाही खाडा धरते. आम्हाला घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिकच लागतो. तेल महागलं तरी वर्षाच्या मधे दर वाढवता येत नाही, पोरं दुसरीकडे जातात. मग वाटी लहान होते किंवा भाजीत बटाटा वाढतो. दर पाहू नका, महिनाअखेरीस जाऊन एकदा पैसे देऊन जेवा. तेव्हाचं ताट खरं.

विजापूर रोड, दोघी
आम्ही दोघी रूमवर करतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पण आधी घरमालकाला विचारा. आमच्या आधीच्या घरी इंडक्शन चालेल म्हणाले आणि पहिल्याच महिन्यात लाइट बिलावरून कुरबुर सुरू. आता सबमीटर आहे, भांडण नाही. किराणा, भाजी, दूध, गॅस मिळून माणशी दोन हजारांच्या आसपास जातात. भाकरी आम्ही थापत नाही. गल्लीतल्या एक अक्का करून देतात, ज्वारी आमची, मजुरी त्यांची. परीक्षेच्या आठवड्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. कडक भाकरी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात बरेच दिवस टिकते. सगळ्यांना हे जमेलच असं नाही. भांडी घासायची पाळी कोणाची, यावरून मैत्रिणी तुटलेल्या पाहिल्यात.

जुना संगमेश्वरी
नव्वदच्या दशकातलं सांगतो. मंद्रूपहून आईचा डबा एसटीने यायचा. कंडक्टर ओळखीचे, ते स्टँडवर कंट्रोल केबिनपाशी ठेवायचे. खर्च जवळजवळ शून्य, पण गाडी चुकली की उपास. ज्वारीची भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहायची. उन्हाळ्यात मात्र आमटी आंबायची, म्हणून एप्रिल-मेमध्ये आई पातळ काही पाठवतच नसे. झुणका, ठेचा, कांदा. आजही सोलापूरच्या उन्हात डबा लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दुपारचा अर्धा डबा रात्रीला ठेवायचा हिशेब मार्चनंतर चालत नाही.

केगावचा
मेसचा हिशेब सगळे सांगतात, सात वाजताच्या भुकेचा कोणी सांगत नाही. दुपारी एकला जेवण, रात्रीचं नऊला. मधल्या वेळात चहा, वडापाव, भजी. रोज चाळीस धरले तरी महिन्याला बाराशे, म्हणजे मोहोळकरांच्या मेसचे चाळीस टक्के. रूमवर फुटाणे, शेंगा, केळी ठेवायला लागलो तेव्हा ते चारशे-पाचशेवर आलं.

एक विद्यार्थी
अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातली मुलं असतील, शासकीय वसतिगृहात नंबर लागला नसेल, तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा. त्यात भोजनाची रक्कम वेगळी धरलेली असते आणि पैसे थेट खात्यात येतात. फक्त ते हप्त्याने येतात, महिन्याच्या महिन्याला नाही. त्यामुळे मेसवाल्या काकांशी आधीच बोलून ठेवा. माझे काका थांबतात, सगळे थांबत नाहीत.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. ताईला साडेचार हजार सांगतोय: मेस तीन, मधली भूक पाचशे, उरलेले हाताशी. भाची म्हणते पहिल्याच दिवशी तीन महिन्यांचे आगाऊ भरले तर मेसवाले सूट देतात. भरू का?

मोहोळकर
नका भरू दादा. पहिला महिना कूपनवर काढू द्या. सूट दोन-तीनशेची असते, आणि चव नाही जमली तर पैसे परत मागताना नाकी नऊ येतात.

विजापूर रोड, दोघी
आणि साडेचारमध्ये जानेवारी बसवू नका. संक्रांतीला होम मैदानावर गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) भरतो, तिथले वेगळे.