मदत हवी आहे: मुलांसाठी साध्या वाद्यांवरची गाणी, जी आईबापांनाही ऐकवतील

लेक साडेचार वर्षांची आहे. गेले आठ महिने गाडीत बालगीतांची एकच यादी वाजतेय आणि मी आता रडकुंडीला आलोय.

चालींबद्दल तक्रार नाही. बऱ्याचशा जुन्या आणि गोड आहेत. पण त्यांचं जे काही करून ठेवलंय! प्रत्येक गाण्याला कीबोर्डचा तोच ठोका, मागे घंटा, शिट्ट्या, मधूनच बदक. गाणारी बाई तर दर शब्दाला हसते. तिसऱ्या फेरीला माझी कानशिलं ठणकायला लागतात. बायको हल्ली सिग्नलला काच खाली करून हॉर्न ऐकते, म्हणे तेवढाच बदल.

मागच्या महिन्यात यादी संपली आणि फोनने आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावलं. एक बाई, एक गिटार, बाकी काही नाही. मागच्या सीटवर एकदम शांतता. मला वाटलं झोपली. गाणं संपल्यावर आवाज आला, "बाबा, मधेमधे ते चुंईक चुंईक काय होतं?"

मला काही कळेना. परत लावलं, तेव्हा लक्षात आलं. गिटारच्या जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते. डावा हात एका कॉर्डवरून (म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीवरून) दुसरीकडे सरकला की त्या वेढ्यांवर बोटं घासतात, त्याचा आवाज. मी इतकी वर्षं गिटार ऐकतोय, पण तिकडे कधी कान गेला नव्हता. आता रोज फर्माईश असते, "चुंईकवालं लाव."

म्हणून शोधाशोध केली. मुलांसाठी गाणाऱ्या अमेरिकी गायिका एला जेन्किन्स सापडल्या. हातात बॅरिटोन युकुलेले, म्हणजे गिटारसारखंच पण छोटं, चार तारांचं वाद्य, आपण एक ओळ म्हणायची आणि मुलांनी ती परत म्हणायची, एवढंच त्यांचं तंत्र. पहिली ध्वनिमुद्रिका 1957 ची, पण आजही ताजी वाटते. लेकीला इंग्रजी जेमतेम येतं, तरी तिसऱ्या ओळीपासून ती उत्तर द्यायला लागली. त्यांच्या गाण्यात जागा असते. त्या थांबतात आणि वाट बघतात. आमच्या यादीतल्या गाण्यांत श्वास घ्यायला फट नाही.

तर प्रश्न असे:

असं आणखी काय ऐकावं? भाषा कुठलीही चालेल, पण माणूस आणि वाद्य एका खोलीत बसलेत असं वाटलं पाहिजे.

मी स्वतः काही वाजवायला शिकू का? वय एक्केचाळीस, बोटं जाड, संगीताचं शिक्षण शून्य. गिटार घ्यावी की युकुलेले?

आणि खरी बोच ही. बायको गायला लागली की लेक लगेच सूर धरते. मी तेच गाणं म्हटलं तर काहीतरी घुमल्यासारखं करते आणि गप्प बसते. इतका वाईट नाही गात हो मी!

प्रतिसाद १

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बालवाडीत हे रोज बघते. तुम्ही बेसूर आहात म्हणून नव्हे, तुम्ही खाली गाता म्हणून हे होतंय. या वयाच्या मुलांचा सोयीचा पट्टा मध्य सप्तकात साधारण पेटीच्या पट्ट्यांवरच्या पांढरी दोन ते पांढरी सहा, फार फार तर त्याच्या आसपास. तुमचा आवाज त्याच्या एक सप्तक खाली. मोठ्या माणसाचा कान हा फरक आपोआप जुळवून घेतो, पण लहान मूल बऱ्याचदा तुम्ही लावलाय तोच खर्ज पकडायला जातं. घुमते म्हणताय ना, ते हेच.

उपाय दोन. एकतर हलक्या, वरच्या आवाजात गा, फॉल्सेटो म्हणतात तसा. लाज सोडावी लागेल. दुसरं म्हणजे पहिली ओळ आईने उचलायची आणि तुम्ही तिच्याखालून साथ करायची. एकदा सूर सापडला की मुलं सहसा तो सोडत नाहीत. आणि कोपऱ्यात बसून मुलीकडे टक लावून "म्हण ना, म्हण ना" करू नका. भांडी घासताना गा.

प्रतिसाद २

ऐकण्यासाठी रूथ क्रॉफर्ड सीगर हे नाव लिहून ठेवा. या बाई मूळच्या अवघड, आधुनिक रचना करणाऱ्या संगीतकार. पुढे रानोमाळ जाऊन ध्वनिमुद्रित केलेली अमेरिकी लोकगीतं ऐकून ऐकून त्यांनी कागदावर उतरवली आणि पाळणाघरातल्या मुलांबरोबर गायली. त्यातून 1948 मध्ये त्यांचं मुलांच्या लोकगीतांचं पुस्तक निघालं. मला पटलेली गोष्ट ही की मुलांसाठी म्हणून त्यांनी गाण्यांना साखर लावली नाही. चालीतलं वाकडंतिकडं तसंच ठेवलं. त्यांच्या माइक आणि पेगी या मुलांनी मोठेपणी त्या पुस्तकातली गाणी ध्वनिमुद्रित केली. बँजो, गिटार, फिडल असला मामला. तुम्ही म्हणता तशी खोली ऐकू येते.

एलिझाबेथ मिचेलही ऐका. नवरा आणि मुलगी सोबतीला, आवाज अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. रात्री उशिरा मी ते एकटाच ऐकतो, मुलं झोपल्यावर.

वाद्याचं म्हणाल तर युकुलेले. चार तारा, त्याही नायलॉनच्या, बोटं सोलवटत नाहीत. सी, एफ आणि जी सेव्हन एवढे तीन कॉर्ड आले की ढीगभर गाणी निघतात. पहिला तर एका बोटात वाजतो. पट्टी बदलायची तर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. नव्या तारा काही दिवस सतत उतरतात, वाद्य खराब निघालं म्हणून परत करायला धावू नका. फक्त एक अडचण सांगून ठेवतो. या तारांवर बहुधा वेढे नसतात, त्यामुळे चुंईक मिळणार नाही!

धागाकर्ता

दोघांचेही आभार. युकुलेले घेऊन तीन आठवडे झाले. सी छान वाजतो, एफ बरा. जी सेव्हनला मी गाणं थांबवतो, बोटं मोजून ठेवतो आणि पुढे जातो. लेकीला हे त्या गाण्यातच आहे असं वाटतं. आईने ते न थांबता म्हटलं की ती हात वर करून म्हणते, "थांब, इथे बाबा थांबतो."

वरच्या पट्टीचं बरोबर निघालं. पहिल्या दिवशी माझा तो आवाज ऐकून बायको दुसऱ्या खोलीत जाऊन हसत होती, पण लेकीने दुसऱ्याच ओळीला सूर धरला. अजून शेवटाकडे घसरते, चालायचंच.

यादी बदललीय. बदक आठवड्यातून दोनदा लागतं, त्यावर तडजोड झाली आहे.

चुंईकचं मात्र तुम्ही म्हणालात तसंच झालं. पहिल्याच दिवशी तिने कान लावून बघितलं आणि चेहरा पाडला. मी म्हटलं, याला ते येत नाही गं. परवा मी नेहमीसारखा जी सेव्हनपाशी अडकलो, तर ती उठली, दप्तर घेऊन आली आणि मांडीवर ठेवून बसली. आता मी बोटं मोजतो तेवढ्यात ती दप्तराच्या चेनवरून नख ओढते.