तांदळाच्या पोत्याचा हिशोब

नगरची_लेक:
परवा पाककृतीच्या धाग्यावर नाताळच्या करंज्यांचा फोटो टाकला होता. खाली एकाने लिहिलं, ‘तांदळाच्या पोत्यावर धर्म विकणाऱ्यांनी आमच्या करंज्या तरी सोडाव्यात.’ उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

‘आमच्या’ म्हणजे कोणाच्या हो? माझी आजी शेवगावकडची, नऊवारी नेसणारी. जात्यावर ओव्या म्हणायची, त्यात येशू असायचा. चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं पेटी-टाळावर व्हायची. आणि हो, आमचं घराणं दुष्काळातच ख्रिस्ती झालं, लपवत नाही. पण दुष्काळ सरल्यावर परत का गेलो नाही, हे कोणी विचारत नाही.

पुण्यात खोली बघायला गेले तेव्हा गायकवाड आडनाव ऐकून मालकीणबाई हो म्हणाल्या. सामानात क्रूस दिसला आणि ‘अहो, आमचा भाचा येणारे राहायला’. त्या रात्री प्रार्थनेला बसले, पण त्या बाईंसाठी काही मागवेना. वैऱ्यांवर प्रीती करा, हे रविवारी ऐकायला बरं वाटतं.

सडेतोड_सदू:
ताई, भावना पोचल्या. पण मिशनने धान्याबरोबर धर्म वाटला हा इतिहास आहे. सहानुभूती कशाला मागता?

नगरची_लेक:
मागितली कुठे? करंज्या दाखवल्या होत्या.

वसईचा_केळीवाला:
आमच्याकडे पोतं नव्हतं, पोर्तुगीज होते. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आम्ही राहिलो. तरी २०२० ला फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ‘पाद्री कशाला’ म्हणून ओरड झालीच. जन्म मराठीत लिहिण्यात गेला त्यांचा. अजून काय पुरावा द्यायचा?

सडेतोड_सदू:
फादरांबद्दल आदर आहे. पण आमच्या बॅचला दोघं होते, रविवारी चर्च आणि अॅडमिशनला ‘हिंदू महार’ दाखला. ही कुठली श्रद्धा?

नगरची_लेक:
१९५० चा आदेश वाचलाय का? अनुसूचित जातीत आधी फक्त हिंदू, १९५६ ला शीख, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीची सवलत जाते, जात मात्र गावात तशीच राहते. पोतं मिळालं म्हणता, इथे हातातलं गेलंय!

मागचा_बाक:
त्या दोघांसारखाच मी. आईने शाळेत नाव घालताना धर्म हिंदू लिहिला. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचो, फोटोत येऊ नये म्हणून. लाज वाटते का? वाटते. सदूभाऊ, फी तुम्ही भरणार होतात?

सडेतोड_सदू:
म्हणजे फसवणूक कबूल.

वसईचा_केळीवाला:
फसवणूकच आहे, मी ख्रिस्ती असून सांगतो. विश्वास आहे तर किंमत मोजा. अशा लोकांमुळे आम्हा सगळ्यांना ऐकून घ्यावं लागतं.

मागचा_बाक:
ज्यांच्या वाडीला विहिरीचं पाणी आहे त्यांनी किंमत शिकवू नये. नगरच्या ख्रिस्त्याला जावई करून घेता का तुम्ही? आधी आडनाव विचारता. प्रभुभोजनाला एकच प्याला, एकच भाकर, आणि सोयरीक तेवढी वेगळी!

नगरची_लेक:
अहो, धागा कशावर होता?

मागचा_बाक:
यावरच होता, ताई. परके बोलतात त्याचं काही वाटत नाही. आपले लोक बोट दाखवतात तेव्हा चर्चची पायरी चढवत नाही. दोन वर्षं गेलो नव्हतो मी. आई आजारी पडली तेव्हा परत गेलो, तेही मागच्याच बाकावर.

वसईचा_केळीवाला:
बहिणीच्या वेळी आमच्या घरात विचारलं होतं आडनाव. मुलगा सोलापूरचा होता. नाही झालं ते लग्न. एवढं मान्य. दाखल्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

सडेतोड_सदू:
चला, तुमच्यातही जात निघाली, माझं काम झालं. बाकी करंज्या खुसखुशीत दिसत होत्या, नाही म्हणणार नाही. सारणात काय आहे?

नगरची_लेक:
कृती त्याच धाग्यावर आहे. वरती तुमच्या मित्राची ती ओळ अजून तशीच आहे, तेवढी वाचून मग खाली या.