'पट्टी सेव्ह झाली' म्हणतंय, पण डेटाबेसमध्ये नाही. ट्राय-कॅच असून एरर गायब

आडतकट्टा, लातूर
मार्केट यार्डात एका आडतीला पट्टीचं (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचं) सॉफ्टवेअर करून दिलंय. विनफॉर्म्स (विंडोजचे फॉर्म-बटणं बनवायची पद्धत), डॉट नेट ४.८. डेटाबेस आतल्या खोलीतल्या पीसीवर, मधे लॅनची वायर. सोयाबीनचा सीझन, श्वास घ्यायला सवड नाही. कट्टे, वजन, हमाली-तोलाई टाकून बटण दाबलं की पट्टी छापून येते आणि हिरव्या अक्षरात 'पट्टी सेव्ह झाली'.

परवा मुनीम मेळ घालायला बसले तर २३ पट्ट्या कमी. कागद शेतकऱ्यांच्या खिशात, डेटाबेसमध्ये नोंदच नाही. दुपारी हातगाडीत अडकून वायर निघाली होती, वीसेक मिनिटं. ते समजलं. पण सेव्हची असिंक मेथड (काम मागं चालू ठेवून आधीच परतणारी) मी ट्राय-कॅचमध्येच (एरर पकडणारा कोड) बोलावलीय, कॅचमध्ये मेसेजबॉक्स आहे, तो एकदाही आला नाही. मालक म्हणायलेत, तुझं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय.

जुना_विनफॉर्म्स
अवेट (काम संपल्यावरच पुढं जा, असं सांगणारा शब्द) लावलंय का?

आडतकट्टा, लातूर
नाही. बटणाच्या क्लिकची मेथड साधी व्हॉइड (काहीच परत न देणारी) आहे. कंपायलरनं वॉर्निंगही दिली नाही.

जुना_विनफॉर्म्स
तिथंच गोम आहे. सेव्हच्या आत पहिला अवेट लागला की ती मेथड तुमच्या हातात टास्क (चालू कामाचं टोकन) देऊन मोकळी होते. ट्राय तिथंच संपला, हिरवी अक्षरं उमटली. वायरचं एक्सेप्शन (एरर) नंतर त्या टास्कमध्ये जाऊन बसलं, आणि टास्क तुम्ही धरलाच नाही, मग विचारणार कोण? सीएस४०१४ ही अवेट विसरल्याची वॉर्निंग साध्या मेथडमध्ये दरवेळी येतेच असं नाही. तुमची क्लिक असिंक नाही आणि सेव्ह दुसऱ्या प्रोजेक्टात असेल, म्हणून कंपायलर गप्प.

क्लिक 'असिंक व्हॉइड' करा, ट्रायमध्ये अवेट लावा, हिरवी अक्षरं त्याच्या खाली. तेवढा वेळ बटण बंद ठेवा, नाहीतर घाईत दोनदा दाबलं की एकाच मालाच्या दोन पट्ट्या.

नांदेडची_कोडर
असिंक व्हॉइड फक्त क्लिकपुरतं हं, दादा. सेव्हची मेथड टास्कच राहू द्या. ती व्हॉइड केली तर एक्सेप्शन तुमच्या कॅचला न भेटता ॲप्लिकेशनच्या थ्रेडएक्सेप्शनला (न पकडलेल्या एररचा इव्हेंट) जातं, तिथं कुठली पट्टी बुडाली ते कळत नाही. आणि कुणी 'डॉट रिझल्ट लाव' (टास्क संपेपर्यंत थ्रेड अडवून धरणं) म्हटलं तर ऐकू नका. यूआय थ्रेड (फॉर्म चालवणारा) टास्कची वाट बघणार, आतल्या अवेटला पुढं जायला तोच यूआय थ्रेड पाहिजे. फॉर्म गोठला.

आडतकट्टा, लातूर
अनऑब्झर्व्ह्डटास्कएक्सेप्शनवर (कुणी न विचारलेल्या टास्कच्या एररचा इव्हेंट) लॉग ठेवला होता मी. त्यात ११ ओळी सापडल्या, त्याही संध्याकाळच्या. वायर तर दुपारी निघाली!

जुना_विनफॉर्म्स
गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) टास्क उचलेल तेव्हाच तो इव्हेंट येतो. उचलायच्या आधी ॲप बंद केलं तर येतही नाही. लॉगपुरता ठेवा, भरवसा नको. डॉट नेट ४.० मध्ये असा बेवारस टास्क अख्खं ॲप पाडायचा. २०१२ च्या ४.५ पासून मुकाट गिळला जातो. मला जुनंच बरं वाटायचं, शिव्या तरी लगेच मिळायच्या.

आडतकट्टा, लातूर
झालं. छपाईसुद्धा अवेटच्या खाली नेली, खरं तर ती वर होती हीच मोठी चूक. स्वतः वायर काढून बघितली: बटण करडं, थोड्या वेळानं लाल अक्षरं, कागद नाही. २३ पट्ट्या कार्बन कॉपीवरून भरल्या, मुनीम वाचायचे, मी टाकायचो, साडेदहा वाजले. वायर आता पाइपातून घेतलीय.