मदत हवी आहे: रेकॉर्डचा सूर चढतोय, प्लेअरचा बेल्ट बिघडलाय की रेकॉर्डच तशी?

नमस्कार मंडळी, बेळगावच्या टिळकवाडीतून लिहितोय. बाहेर चार दिवस पावसाची झड, म्हणून घरात जॅझवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड लावून बसलोय. जुनी प्रत आहे, कोपऱ्याला बुरशीचा डाग, पण वाजते झकास.

सहज वडिलांची पेटी (हार्मोनियम) काढून सूर ताडून पाहिला. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं पांढरी दोनचं, पण रेकॉर्ड पट्टीच्या चांगलीच वर! आता हे मला ठाऊक आहे, की 2 मार्च 1959 च्या ध्वनिमुद्रणात टेप मशीन हळू फिरत होतं, त्यामुळे जुन्या प्रतींची पहिली बाजू चढीच वाजते. पण दुसरी बाजू सुरात असायला हवी ना? तीही किंचित वर जाते. म्हणजे माझा प्लेअरही पळतोय बहुतेक.

कुणाकडे 33⅓ ची (मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची) स्ट्रोब चकती आहे का? म्हणजे प्लेअरवर फिरवून दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर, ती. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेला 180 रेघांची लागते. एलईडीखाली रेघा नीट थांबत नाहीत, तेव्हा साधा पिवळा बल्बही कुठे मिळेल सांगा (बल्ब शोधायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं!). आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे वेग जुळवून देणारा कुणी जुना रेडिओ-मेकॅनिक माहीत असेल तर कळवा की. मागच्या वेळी एकाने बेल्टऐवजी रबरबँड लावून दिला होता.