दादाची दारू व्यसनापर्यंत गेलीये का? कृपया मदत करा

आम्ही धायरीत राहतो. दादा ३८ वर्षांचा, भोसरीला कंपनीत सुपरवायझर. आधी फक्त शनिवारी मित्रांबरोबर बसायचा, आता रोज घेतो. मला मात्र संध्याकाळपेक्षा त्याच्या सकाळची भीती वाटते. उठला की हात थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो, घामाने बनियन भिजतं. मग "दूध आणतो" म्हणून खाली जातो आणि वर येतो तेव्हा हात एकदम स्थिर. परवा गाडीच्या डिकीत रेनकोटच्या घडीत क्वार्टर सापडली. विचारलं तर इतका भडकला की आई रडायलाच लागली.

पूर्वी दोन पेगमध्ये डुलायचा. आता अर्धा खंबा रिचवूनही सरळ बोलतो. बाबा म्हणतात, "पचते त्याला." कंपनीत खाडे वाढलेत, वहिनी माहेरी गेलीये.

घरात ठरलंय की शनिवारपासून त्याला खोलीत ठेवायचं, पाकीट काढून घ्यायचं, चार दिवसांत सुटेल. पण मागे दोन दिवस प्यायला नव्हता तेव्हा भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाला होता. काय करू?

प्रतिसाद:
ताई, कोंडू नका, हात जोडून सांगते. माझ्या नवऱ्याला असंच घरात ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी फिट आली. रोजची दारू एकदम तुटली की काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होतात. जिवावर बेततं. त्या मुंग्या म्हणजे तेच असणार. 'पचते' म्हणजे शरीर सरावलंय. सकाळची थरथर पिऊन थांबत असेल, तर हा आता हौसेचा प्रश्न राहिला नाही, आजार आहे. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊनच तोडायची. येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. दादा तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या जाऊन समुपदेशकांशी बोला. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. फिट आली किंवा बरळायला लागला तर थेट १०८.

धागाकर्ती:
बाबांना वाचून दाखवलं. शनिवारचा बेत रद्द. डिकीतली क्वार्टर मी ओतून दिली, ते चुकलं का?

प्रतिसाद:
रागावून घेऊ नका स्वतःवर, सगळ्याच घरांत ओततात. डॉक्टर भेटेपर्यंत मात्र परत ओतू नका. रोज किती घेतो आणि शेवटची कधी घेतली, हे लिहून न्या. पहिलं तेच विचारतात.