गच्चीवरच्या खोलीत बोरघाट बसेल का?

गच्चीकर: नमस्कार मंडळी, कोथरूडला गच्चीवर १४ बाय १० ची खोली रिकामी आहे, बायकोने एकदाची परवानगी दिलीय (अट एकच, लोणच्याच्या बरण्या तिथेच राहणार). मुलाला इथलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवून आणलं तेव्हापासून डोक्यात किडा आहे, की एचओमध्ये (म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापाची मॉडेल रेल्वे) कर्जत ते लोणावळा करायचं, बोगदे, मंकी हिल, मागून ढकलणारी बँकर इंजिनं सगळं. पण ट्रायलला चढ लावला तर सहा डब्यांची गाडी वळणावर नुसती चाकं फिरवत बसते. इंजिन बदलू का?

रूळकरी: इंजिनाला कशाला दोष, चढ मोजलात का? खऱ्या घाटात ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. आणि सगळा घाट तर विसराच, २८ किलोमीटर भागिले ८७ केलं तरी सव्वातीनशे मीटर रूळ लागतील आणि लोणावळा कर्जतच्या सहा मीटर वर, म्हणजे टाकीच्याही वर!

गच्चीकर: मोजला. ४ फुटांत ३ इंच 🙈

रूळकरी: म्हणजे १६ ला १! अहो माथेरानच्या गाडीचा चढ पण २० ला १ पेक्षा जास्त नाही. वळणावर तर अजून सौम्य ठेवा, तिथे डबे घासतात.

जुना_घाट: माझं ऐका, १९२९ च्या आधीचा घाट करा. तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट्या दिशेने पुढची चढण. १३ फुटी भिंतीवर ३७ ला १ ने जेमतेम ४ इंच मिळतात, तिथूनच उलटं फिरलात की अजून ४, आणि मोठं गोल वळण घालायला जागाच लागत नाही. फक्त ओव्हरहेड वायर नाही, वाफेची इंजिनं घ्यावी लागतील.

रूळकरी: कल्पना झकास. पण बँकर लावणार असाल तर दोन्ही इंजिनांचा स्पीड डीसीसीवर (प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारा डिजिटल कंट्रोल) जुळवून घ्या, मागचं जास्त जोर लावतं आणि मधला हलका डबा वळणावर बाहेर फेकला जातो.

भिजलेला_प्लाय: गच्ची म्हणालात म्हणून सांगतो, मी साधा प्लाय वापरला, कडा रंगवल्या नाहीत, पहिल्याच पावसाळ्यात बोर्ड असा फुगला की सपाट स्टेशनातून डबे आपोआप चालायला लागले. मरीन प्लाय घ्या आणि सगळ्या बाजूंनी प्रायमर मारा, खालूनपण.

गच्चीकर: रिव्हर्सिंग फायनल! वाफेचं इंजिन घेतोय हे घरी कसं सांगू तेवढं बोला आता.