असमानता सोडवताना चिन्ह उलटायचं राहून जातं, काय करून घ्यावं?

भाची यंदा अकरावी सायन्सला, सीबीएसईत. दहावीपर्यंत स्टेट बोर्ड. समीकरणं झटपट सोडवते, पण रेषीय असमानतांचा धडा आला आणि गाडी अडली. −३क्ष > १२ चं उत्तर क्ष > −४ लिहून मोकळी होते. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं हा नियम पाठ आहे, पेपरात नेमका सुचत नाही. क्लास न लावता पक्कं होईल असं पुस्तक किंवा पद्धत सुचवा.

चैत्रपालवी:
पुस्तकाचं नंतर बघू. आधी तिला संख्यारेषेवर २ आणि ५ मांडायला सांगा. ५ उजवीकडे, म्हणून मोठा. आता दोघांना −१ ने गुणा. दोन्ही शून्याच्या पलीकडे जातात आणि −५ हा −२ च्याही डावीकडे पडतो. क्रम उलटला, म्हणून चिन्ह उलटलं. हे स्वतःच्या हाताने काढलेलं विसरत नाही.

आणि "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे आधी बंद करा. मी नववी-दहावीला शिकवते, या वाक्याने फार नुकसान केलंय. ३क्ष = १२ मधला ३ पलीकडे नेताना मुलं सर्रास −३ करतात. "दोन्ही बाजूंना ३ ने भागून" ही ओळ लिहायलाच लावा, कितीही कंटाळा करू दे.

पाटीपेन्सिल:
ताईंशी सहमत. शिवाय ऋण सहगुणक ठेवायचाच कशाला? दोन्ही बाजूंत ३क्ष मिळवा: ० > १२ + ३क्ष. मग −१२ > ३क्ष, म्हणजे −४ > क्ष. उलटवायची वेळच येत नाही.

ताळा मात्र हवाच. क्ष = ० ठेवा: ० > १२, खोटं. तिच्या क्ष > −४ मध्ये शून्य बसतो, म्हणजे उत्तर चुकलं. दहा सेकंदांचं काम.

धागाकर्ती:
हे आजच करून घेते. दोन चलं असली की आलेखात कुठली बाजू रंगवायची?

चैत्रपालवी:
क्ष + य < ५ घ्या. क्ष + य = ५ ची रेषा तुटक काढा, कारण रेषेवरचे बिंदू उत्तरात नाहीत. ≤ असतं तर अखंड. मग (०, ०) ठेवा: ० < ५ खरं, म्हणून आरंभबिंदूची बाजू रंगवा. रेषाच आरंभबिंदूतून जात असेल तर दुसरा कुठलाही बिंदू घ्या, रेषेवरचा सोडून.

सरावाला एनसीईआरटीतली सोडवलेली उदाहरणं आधी झाकून करू दे. पाया कच्चा वाटला तर बालभारतीचं आठवीचं पुस्तक काढा, पीडीएफ मोफत मिळते. जिओजेब्रा हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर पडताळ्यासाठी चांगलं आहे, पण पहिले काही आलेख कागदावरच.